बापाचं नाव

नाशिकरोडच्या प्रेसमध्ये एकतीस वर्षं
मी पासपोर्ट मोजले. नाव नसलेले, फोटो नसलेले,
पन्नास-पन्नासाच्या गठ्ठ्यात.
एक कमी भरला की गेट बंद, चपलांसकट झडती.
शिफ्टला माणूस कमी भरला तर नुसता ओव्हरटाइम.

आता वरच्या दोन खोल्या पाहुण्यांना देतो.
तशी ती आली, मार्चात, मॉरिशसहून.
लिझलेन भिवाजी. हॉटेलात हिशेबनीस,
जिथल्या किनाऱ्यावर तिच्या गावच्या बायकांना
टॉवेलांच्या घड्या घालायला आत सोडतात.

भिवाजी हे आडनाव नव्हेच, मी म्हटलं.
ती हसली. बंदरावर कारकुनानं विचारलं, नाव?
तातू. बापाचं? भिवाजी.
झालं.
एक कोकणी माणूस, जो कधी बोटीत चढलाच नाही,
तिकडे अडीचशे जणांचं आडनाव होऊन बसला.

फोनमध्ये तातूचा फोटो होता. छातीशी पाटी,
पाटीवर क्रमांक. डोळे कॅमेऱ्याच्या जरा डावीकडे,
तिथून कुणी हाक मारल्यासारखे.

पंचवटीत नामावळीवाल्या गुरुजींकडे नेलं.
त्यांनी लाल कापड सोडलं, गाव विचारलं,
मग जात.
तिनं माझ्याकडे पाहिलं. मी रामकुंडाकडे.
मो पा कोने, ती पुटपुटली, ठाऊक नाही.
गुरुजी माणूस वाईट नव्हते. दोन तास पानं उलटली,
चहा पाजला. म्हणाले, जे इथवर आले
त्यांचंच नाव चढतं, बाई.
माझा आजा आला होता की इथवर.
काळारामाच्या दारात दगड खाऊन परत गेला.
मी बोललो नाही काही.

पुलावर मात्र थट्टेनं म्हणून गेलो,
गोऱ्यांनी निदान नंबर तरी दिला!
म्हणता म्हणताच लाज वाटली.

ती बराच वेळ गोदेच्या सिमेंटकडे बघत राहिली.
मग म्हणाली, आईची बाजू तर सांगितलीच नाही तुम्हाला.

आईची आई क्रिओल, काळ्या नदीकाठची.
त्यांच्याकडे पाटी नाही, फोटो नाही.
इस्टेटीच्या यादीत खेचरांनंतर, काकवीच्या कढयांआधी:
जुलै. पुरुष. अंदाजे वीस. पुढचा एक दात नाही.
जुलैत विकत घेतला म्हणून जुलै.
ते सुटले, आणि त्यांनी टाकलेला कोयता
तातूनं उचलला. मालक तोच.
त्याचा खापरपणतू आमच्या हॉटेलचा मालक.
गणपतीत काका झाकरी नाचतात,
आजी स्वयंपाकघराच्या दारात उभी असते,
आणि बारशाला आलेल्या बायका
बाळाचं तोंड नंतर बघतात, आधी केस.

दुसऱ्या दिवशी तिला शरणपूरला नेलं. तिनं मागितलं नव्हतं.
लहानपणी ऐकलेलं, गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली
आफ्रिकेची पोरं इथे आणून ठेवली होती.
लोहारकी शिकवली, नवी नावं दिली,
मग जिकडे गरज पडली तिकडे पाठवली.
वॉचमन म्हणाला, काळी पोरं? ती कॉलेजातली ना?

एक दगड होता गवतात, अक्षरं गेलेली.
एखाद्या मडमेचाही असेल.
लिझलेन उकिडवी बसली, बाटलीतलं पाणी त्यावर ओतलं,
बोटानं चाचपून बघितलं,
आणि आपल्या मोडक्या मराठीत विचारलं,
नाव? बापाचं?
एका कुत्र्यानं येऊन ते पाणी चाटलं.

निघताना तिनं आपलं पुस्तक दाखवलं,
भारतवंशाचं, शिक्क्याचं.
मिळालं ते तातूच्या पाटीवर.
अर्जात आजीपुढे आडवी रेघ मारली होती म्हणाली.

मी हातात घेऊन उलटंसुलटं केलं. शिलाई आमचीच.
कोरं असताना माझ्याच अंगठ्याखालून गेलं असणार.
मी तेव्हा फक्त पानं भरतात का ते पाहिलं होतं.